औषध कुठवर पोचलं

मी कोर्टात लघुलेखक होते. घर नाशिकरोडला आणि कोर्ट एका तालुक्याच्या गावी, एसटीने तासाभराच्या अंतरावर. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं म्हणणं नीट वाक्यात सांगतात आणि लघुलेखक ते तिथल्या तिथे टाइप करतो. सतरा वर्षं मी हेच केलं. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत यायचं. एवढ्या वेळात मी फार तर दोन पेले पाणी पीत असे. कारण सांगायला संकोच वाटतो, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एसटीतून मध्येच उतरता येत नाही आणि साक्ष चालू असताना उठता येत नाही. मग पाणीच कमी प्यायचं. माझ्या ओळखीच्या निम्म्या नोकरदार बायका असंच करतात आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

वर्षातून दोन-तीनदा लघवीला जळजळ व्हायची. पहिल्यांदा झाली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या. पुढच्या वेळी त्या घेतल्या. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचं सोडून मी मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी आणायला लागले. तीन वर्षांत एकही कोर्स मी पुरा केला नाही. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

नऊ दिवस

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. उजव्या बाजूला बरगडीखाली, पाठीत, एक जड दुखणं सुरू झालं. खुर्चीमुळे असेल म्हणून मी पाठीला उशी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी साक्ष चालू असताना थंडी वाजून आली, दात वाजायला लागले आणि टाइप करणारी बोटं चुकू लागली. शिपायाने पंखा बंद केला. बाकी सगळ्यांना उकडत होतं.

या वेळी मात्र डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, लघवी तपासायला लावली आणि चार दिवसांनी परत तपासायला सांगितलं. जळजळ थांबली. दुसरा रिपोर्ट चांगला आला. प्रकाश, माझे यजमान, सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी तो रिपोर्ट मोबाइलवर दोनदा वाचला आणि म्हणाले की आता काळजीचं कारण नाही. ताप मात्र रोज दुपारी येत होता. रिपोर्ट स्वच्छ असल्यामुळे मला स्वतःच्या तापाचीच शंका यायला लागली. रजा उगाच काढतेय असं वाटायचं. मुलगी सायली बारावीला होती, घरात आजारपण नको होतं. म्हणून गोळी घेऊन दोन दिवस मी कामावरही गेले.

नवव्या दिवशी येवल्याजवळच्या गावाहून माझी मोठी बहीण शोभाताई आली. तिने दारातच माझ्या गालाला हात लावला आणि प्रकाशला म्हणाली, "कागद बघत बसू नका. हिला घेऊन चला."

निदान

शहरातल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. तपासणारे डॉक्टर आधी बोलत होते, मग एकाच जागी यंत्र फिरवत राहिले आणि गप्प झाले. ती शांतता मला ओळखीची होती. निकाल वाचायच्या आधी कोर्टात अशीच असते.

किडनीचे डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे होते. त्यांनी कागदावर दोन किडन्या काढल्या आणि उजवीच्या खाली एक ठिपका दिला. तिथे खडा अडकला होता. खड्याच्या वर लघवी तुंबली होती आणि तिचा पू झाला होता. मी पिशवीतून रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, लघवी तर स्वच्छ आहे.

"ही लघवी तुमच्या डाव्या किडनीची आहे," ते म्हणाले. "उजवीची खाली येतच नाहीये. मग तिचं दुखणं या कागदावर कसं दिसेल?"

गोळ्यांचंही त्यांनी तसंच सांगितलं. मी तीन वर्षं घेत होते ती गोळी लघवीत उतरते आणि मूत्राशय साफ करते. किडनीच्या मांसात ती जेमतेम शिरते. आणि आता तर दुसरं कुठलंही औषध दिलं तरी अडचण होतीच, कारण औषध जातं रक्ताबरोबर आणि सुजलेल्या, पू भरलेल्या भागात रक्तच धड पोचत नव्हतं. म्हणजे इतके दिवस मी जे घेत होते ते सगळ्या अंगभर फिरून येत होतं आणि नेमकं जिथे जायचं तिथेच जात नव्हतं.

मी विचारलं की आधी आले असते तर? ते म्हणाले, आता आलात ना. हॉस्पिटलात लोक असं बोलायला लागले की समजावं, खरं उत्तर आपल्याला आवडणारं नाही.

नळी

पाठीतून नळी घालून पू काढायचा ठरला. मला पालथं झोपवलं, जागा बधिर केली. दुखलं थोडंच, पण आत काहीतरी ढकलल्यासारखं झालं आणि पाठोपाठ पिशवीत जे उतरलं ते सिस्टरने माझ्या नजरेआड धरलं. वास मात्र लपवता आला नाही. स्वतःच्या शरीरात इतकं सडलेलं काही घेऊन मी नऊ दिवस वावरत होते, एसटीत लोकांच्या शेजारी बसत होते, सायलीच्या डब्याची भाजी चिरत होते.

त्यानंतरचे तीन दिवस मला नीट आठवत नाहीत. रक्तदाब उतरला, आयसीयूत हलवलं. आठवतं ते तुकड्या-तुकड्यांनी. छताच्या चौकटी. पायाला लावलेलं गार पितळेसारखं काहीतरी, ते पितळ नव्हतंच, सिस्टरचा हात होता. मी म्हणे कुणाला तरी सारखी "पुढचा साक्षीदार बोलवा" म्हणत होते. प्रकाशने हे पुढे हसत सांगितलं, पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

नंतर कळलं ते असं. पहिलं अँटिबायोटिक चाललं नाही, माझ्या जंतूंना त्याची सवय झाली होती. अर्धवट गोळ्या खाऊन ती सवय मीच लावली होती. दुसऱ्या औषधाने अंगभर चट्टे उठले आणि श्वास कोंडला, ते ताबडतोब बंद केलं. पुवाच्या तपासणीत आणखी एकच औषध बरं उतरलं होतं. जुनं इंजेक्शन होतं. ते सुरू केलं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला.

शुद्ध आली तेव्हा शोभाताई शेजारी बसून स्वतःच्या पदराने माझ्या हाताची बोटं एकेक करून पुसत होती. सलाईनची पट्टी लावलेलं बोटसुद्धा तिने सोडलं नाही.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. सहाला मावशी फरशी पुसायच्या, सातला रक्त घ्यायला मुलगी यायची, मग चहा, मग पिशवी मोजायची. पाठीतल्या नळीमुळे मला फक्त डाव्या कुशीवर झोपता यायचं. त्या बाजूला भिंत होती. त्या भिंतीवर रंगाचे पोपडे निघून जे आकार झाले होते ते मी आजही कागदावर काढून दाखवू शकेन.

शोभाताई दिवसभर असायची. ती वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ओळखायला लागली. कुणाची सून येत नाही, कुणाला मुगाची खिचडी पचते, हे तिला ठाऊक. मी मात्र कुणाशी बोलत नव्हते. माझ्या पलंगासमोर निफाडकडची एक म्हातारी होती. तिची एक किडनी काढली होती. ती एक दिवस मला म्हणाली की पोरी, एकीवर भागतं. तिने धीर द्यायला सांगितलं होतं. मी चादर तोंडावर घेऊन दुपारभर रडले.

सिस्टर रोज सकाळी विचारायची, काही त्रास? मी म्हणायचे, नाही. प्रकाश पाच वाजता भेटायच्या वेळेला कारखान्यातून थेट यायचे आणि विचारायचे, बरं वाटतंय ना? मी हो म्हणायचे. मला असं वाटत होतं की एवढ्या लोकांना एवढा ताप दिल्यावर आणखी काही तक्रार करायचा मला हक्क नाही.

इंजेक्शन सुरू होऊन आठवडा झाला असेल. कानात एक बारीक, उंच आवाज येऊ लागला. दूर कुठे तरी कुकर शिट्टी होण्याआधी सुरसुरतो तसा, पण शिट्टी होतच नव्हती. मला वाटलं शेजारच्या यंत्राचा असेल. दुसऱ्या दिवशी ते यंत्र दुसऱ्या पलंगाकडे नेलं तरी आवाज होताच. मग वाटलं अशक्तपणा असेल. पोटात नीट अन्न नाही, कान वाजणारच. चौथ्या दिवशी, प्रकाश यायच्या वेळेला, शोभाताई माझ्याशी बोलत होती आणि मी तिला तिसऱ्यांदा "काय?" म्हटलं तेव्हा ती थांबली.

"कानाला काय झालं गं तुझ्या?"

मी म्हटलं, थोडं वाजतंय, होईल कमी.

"तू लहानपनापासून अशीच हाय," ती उठता उठता म्हणाली. "अंगावर काढायचं, अंगावर काढायचं, अन् मग दुसऱ्याला पळवायचं. हे काय मी ऐकून घेनार नाय."

ती सिस्टरकडे गेली. अर्ध्या तासात डॉक्टर स्वतः आले. हातात सिरिंज घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरला त्यांनी हातानेच थांबवलं. मला विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, चार दिवस झाले. त्यांनी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश नळीच्या पिशवीकडे बघत होते. त्या दोघांमध्ये काहीतरी गेलं, ते मला दिसलं, पण समजलं नाही.

इंजेक्शन त्या दिवशी बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की हे औषध किडनीतून बाहेर पडतं. किडनीच आजारी, म्हणून ते हळूहळू बाहेर पडत होतं आणि अंगात साठत होतं. त्यासाठी ते रोज रक्त तपासून डोस कमी करत होते. पण कानाच्या आतल्या पाण्यात एकदा शिरलं की तिथून ते लवकर निघत नाही. रक्तात कमी झालं तरी तिथे राहतं. किडनीत मुश्किलीने पोचवलेलं औषध कानात न सांगता पोचलं होतं.

घरी

तेवीस दिवसांनी घरी आले. नळी निघाली होती, खडा काढायला आणखी एकदा जायचं होतं. शोभाताई आठ दिवस राहून गावी परतली, तिचीही कांद्याची लागण खोळंबली होती.

घर प्रकाश आणि सायलीने मिळून सांभाळलं होतं. सायली पोळ्या करायला शिकली होती. तिच्या पुस्तकावर पिठाचे बोटांचे ठसे होते. पूर्वपरीक्षेत तिला रसायनशास्त्रात कमी गुण पडले होते आणि तिने ते मला सांगितलं नव्हतं. टेबल आवरताना मला गुणपत्रिका सापडली. मी ती होती तिथेच परत ठेवली. माझ्या घरात सगळेच एकमेकांना जपण्यासाठी काही ना काही लपवत होते.

आवाज ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते, हे मला हळूहळू उमगलं. लोक बोलतात हे समजायचं. वाक्याची चाल कळायची. पण मधले शब्द कडा घासल्यासारखे बोथट झाले होते. दाराची बेल मला ऐकू येईनाशी झाली. कानातला आवाज मात्र अष्टौप्रहर.

महिन्याभराने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या एका छोट्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानावर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, तिच्या मागे प्रकाश. सुरुवातीला घूं असे जाडे आवाज आले, मी दाबत गेले. मग आवाज थांबले. मला वाटलं ती मुलगी पुढची तयारी करतेय. मी बोट बटणावर ठेवून वाट पाहत राहिले. ती खाली बघून काही फिरवत होती, पुन्हा फिरवत होती. मी काचेतून प्रकाशकडे पाहिलं. त्यांना यंत्रावरचा दिवा दिसत असावा. ते माझ्या बोटाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तेव्हा कळलं, आवाज येतच होते.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग उतार. जाडे आवाज शाबूत होते, बारीक गेले होते. स, श, च, फ अशी अक्षरं बारीक आवाजाची, ती सुटणार. डावा कान थोडा बरा होता. यंत्र लावल्याने मदत होईल. मी विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, नाही.

मग त्यांनी कागद चाळत सहज विचारलं की औषध सुरू करताना याची कल्पना दिली होती ना? मी नाही म्हणाले.

"दिली होती," प्रकाश म्हणाले. "मला."

सही

खाली गाडीजवळ उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. मी शुद्धीत नव्हते. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की एवढंच औषध उरलंय, जीव वाचायचा तर द्यावं लागेल, पण कानावर जाऊ शकतं. कान वाजू लागले, तोल जायला लागला, तर त्याच क्षणी सांगायचं, डोस थांबवता येतो. शुद्धीवर आल्यावर पेशंटला सांगा आणि रोज विचारत राहा. प्रकाशने सही केली होती.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"तू नुकती परत आली होतीस," ते म्हणाले. "तुझं काम कानांचं. तू घाबरली असतीस. नको म्हणाली असतीस औषधाला."

रोज पाच वाजता ते माझ्या पलंगाशी उभे राहून सगळं विचारत होते. जेवलीस का, झोप लागली का, पाठ दुखते का. कानाचं सोडून सगळं. विचारलं तर मला कळेल, म्हणून विचारलं नव्हतं.

चार दिवस आधी थांबवलं असतं तर किती वाचलं असतं, हे मी दोन्ही डॉक्टरांना नंतर विचारलं. दोघांनीही सांगितलं की ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित बरंच, कदाचित काहीच नाही. हे उत्तर घेऊन जगणं सगळ्यात कठीण गेलं. ठाम काही कळलं असतं तर रागाला जागा तरी मिळाली असती.

आणि राग धरावा तरी कसा? सही केली नसती तर मी हे लिहायला नसते. तो माणूस तीन दिवस आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून होता. हे मला माहीत होतं. तरीही मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. माझ्या जिवाचा निर्णय त्यांनी घेतला याचं मला काही वाटत नव्हतं. माझ्या शरीरात काय चाललंय हे वॉर्डात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, याचं वाटत होतं. सतरा वर्षं मी इतरांच्या साक्षी लिहून घेतल्या आणि माझ्या बाबतीत मला कुणी काही विचारलंच नाही.

एकदा जेवताना ते काही बोलले आणि मी ताटातून मान वर केली नाही. सायलीने वाटी खाली ठेवली. "आई, तुला बाबांचं ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?" मी तिच्या ताटात पोळी वाढली. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

आठ आणि साठ

फेब्रुवारीत कामावर रुजू झाले. कानामागे यंत्र होतं, केसांनी झाकलेलं. कार्यालयात मी कानाचं कुणाला सांगितलं नाही. न्यायाधीश मॅडमचा आवाज मोठा होता, मी त्यांच्या तोंडाकडे बघून टाइप करायचे आणि मला वाटत होतं की जमतंय.

तिसऱ्या आठवड्यात एका मारामारीच्या खटल्यात साक्ष होती. साक्षीदाराने आरोपीला संध्याकाळी मळ्याच्या बांधावर पाहिलं होतं. मॅडमनी सांगितलं आणि मी टाइप केलं की मी आरोपीला आठ फुटांवरून पाहिले. उलटतपास सुरू झाला. आरोपीच्या वकिलांनी विचारलं आणि मला ऐकू आलं ते असं: संधिप्रकाशात आठ फुटांवरून तुम्हाला चेहरा ओळखता आला? माझी बोटं थांबली. आठ फुटांवरून कुणालाही चेहरा ओळखता येतो. इतका जुना वकील असा प्रश्न कशाला विचारेल?

मी उभी राहिले. साक्ष चालू असताना मी सतरा वर्षांत कधी उठले नव्हते.

"मॅडम," मी म्हटलं, "आठ फूट की साठ फूट?"

त्यांनी सांगितलं ते मी कानांनी नाही, त्यांच्या ओठांवरून घेतलं. साठ. मी दुरुस्त केलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, साक्ष पुढे चालू झाली. साक्षीदाराने वाचून दाखवल्यावर सही केली. हा प्रश्न चमत्कारिक वाटला म्हणून मी थांबले. जिथे चमत्कारिक वाटलं नसेल तिथे काय? तीन आठवड्यांत किती माणसांच्या तोंडी मी त्यांनी उच्चारलेच नव्हते असे शब्द घातले असतील? मी जेवणाच्या सुट्टीत टाइप केलेले सगळे कागद काढून वाचले. सगळे बरोबर दिसत होते. चूक कागदावर चुकीसारखी दिसत नाही.

दुपारी मी मॅडमच्या दालनात गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, रुजू झाल्यापासून. मॅडमनी प्रत्येक खटल्यातल्या दोन्ही बाजूंच्या वकिलांना बोलावून त्या तीन आठवड्यांच्या साक्षी त्यांच्या टिपणांशी ताडून पाहायला लावल्या. आणखी दोन चुका निघाल्या. एका ठिकाणी "सात" चे "आठ" झाले होते, एका ठिकाणी "चुलत सासरा" चा "चुलत आजा". त्या दुरुस्त झाल्या. ज्या कुणाच्या टिपणात नव्हत्या त्यांचं मला माहीत नाही. हे माझ्यासोबत राहणार आहे.

मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला नक्कल विभागात बदलून घ्यायचा अर्ज लिहायला सांगितला आणि त्यावर माझ्यासमोर शिफारस लिहिली.

आता

आता मी नक्कल विभागात आहे. लोक निकालाच्या प्रती मागायला येतात. कागदाला कागद लावून तपासायचा, शिक्का मारायचा. ऐकायचं फार काही नसतं. उजवी किडनी आक्रसली आहे, नावाला आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासते. कानातला आवाज आहे. लिहिताना आत्ताही आहे.

कुणी विचारलं तर मी थोडंच सांगते. पाणी प्या, आणि बसायच्या जागी बायकांची सोय नसेल तर लाज न धरता मागा. गोळ्यांचा कोर्स पुरा करा. लघवी स्वच्छ आली आणि ताप राहिला तर कागदावर विश्वास ठेवू नका, तापावर ठेवा. औषध कुठे पोचतं, कुठे पोचत नाही आणि नको तिथे कुठे जाऊन बसतं, हे डॉक्टरांना विचारा. आणि घरचा माणूस पलंगावर असेल तर तो घाबरेल म्हणून त्याच्यापासून लपवू नका. घाबरलेला माणूस निदान सांगतो तरी.

अर्ज दिला त्या दिवशी प्रकाशची साप्ताहिक सुट्टी होती. मी घरी आले तेव्हा ते ओट्याशी पाठमोरे उभे राहून भांडी विसळत होते. मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. साक्ष, साठ फूट, अर्ज. इतकं सलग मी त्यांच्याशी दोन महिन्यांत बोलले नव्हते. ते विसळत राहिले. मग त्यांची मान किंचित हलली, म्हणजे ते काही बोलले असावेत. नळाच्या धारेत मला काहीच ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, काय म्हणालात?

त्यांनी नळ बंद केला. हात न पुसताच वळले आणि पुन्हा बोलले, पण खाली बघून. मला मधला एकच शब्द कळला. मी म्हटलं, नाही कळलं.

ते आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, माझ्या डाव्या बाजूला, तोंड माझ्याकडे करून. आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाले, "तुला सांगायला हवं होतं. भीती तुला वाटत नव्हती. मला वाटत होती. चुकलं माझं."

त्यांचा आवाज इतका चढला होता की आतल्या खोलीतून सायली पुस्तक हातात घेऊन दारात आली. ती आली हे त्यांना दिसलं. ते थांबले नाहीत. तिच्यादेखत त्यांनी ते पुन्हा, तेवढ्याच मोठ्याने सांगितलं. हातावरचं पाणी त्यांच्या गुडघ्यावर गळत होतं.

"ऐकलं," मी म्हणाले.